जुन्या मोटारलिफ्टला पंप कसा निवडावा

ज्या घरी बैलगाडीच्या आसाला वंगण घातले म्हणजे वाहनाची निगा संपत असे, त्याच घरी आज पिकअप, जीप किंवा मोटार उभी असते. तिचे तेल बदलणे, ब्रेक उघडणे, पाटे तपासणे ही कामे पावसापूर्वी व सुगीनंतर नित्य करावी लागतात. तालुक्याच्या गॅरेजला गाडी दोन दिवस ठेवण्याइतकी सवड हंगामात नसते. म्हणून जॅक लावून व चाकाखाली दगड सारून गाडीखाली शिरण्याचा प्रघात पडला आहे. हा प्रघात किती घातकी आहे हे सांगावयास नको. अशा स्थितीत शहरातील एखादे गॅरेज आपली जुनी दोन खांबांची लिफ्ट विकावयास काढते, तेव्हा चार शेतकऱ्यांनी मिळून ती घ्यावी असा विचार मनात येणे साहजिक आहे व तो वावगाही नाही.

अशा लिफ्टचे खांब व हात जाड पोलादाचे असल्याने पुष्कळ वर्षे टिकतात. पंप व त्याची मोटर मात्र बहुधा जळालेली तरी असते, नाहीतर अगोदरच कोणीतरी सोडवून नेलेली असते. मग घेणारा दुकानात जाऊन म्हणतो, ‘लिफ्ट चार टनांची आहे, चार टनांचा पंप द्या.’ या मागणीतच सर्व घोटाळ्याचे मूळ आहे. तेलाचा पंप टनांवर विकला जात नाही. तो दर फेऱ्यास किती तेल देतो व किती दाबापर्यंत चालण्यास योग्य आहे, या दोनच गोष्टी त्याच्या अंगी असतात. त्या दोहोंतून किती टन उचलले जातील हे सिलिंडरच्या मापावर अवलंबून आहे. यास्तव पंपाची निवड दुकानात नव्हे, तर लिफ्टपाशी माप घेऊन करावयाची असते. ती कशी करावी हे हिशेबासह पुढे दिले आहे.

विहिरीचा पंप व तेलाचा पंप

विहिरीवरील सेंट्रिफ्यूगल पंप सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या पुढचा कॉक बंद केला तर पाणी आतल्या आत घुसळते, मोटरवरील भार उलट कमी होतो व काही वेळ तरी बिघाड होत नाही. लिफ्टचा पंप या जातीचा नव्हे. त्यात दोन दातेरी चाके एकमेकांत गुंतून फिरतात व दातांच्या खाचांत सापडलेले तेल दर फेऱ्यास ठराविक मापाने पुढे ढकलतात. वाट मोकळी असो वा बंद असो, ते माप पुढे जावयासच पाहिजे. वाट बंद असेल तर दाब वाढत जातो आणि मोटर अडेपर्यंत किंवा काहीतरी फुटेपर्यंत वाढतच राहतो. म्हणून या पंपाच्या तोंडाशी दाब मर्यादित ठेवणारा रिलीफ व्हॉल्व्ह असावाच लागतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानी येईल. पंप दाब निर्माण करीत नाही; तो केवळ तेल ढकलतो. दाब निर्माण करते ते वरचे ओझे. रिकामी लिफ्ट चढविताना दाब थोडा असतो, गाडी ठेवली की तोच वाढतो. विहीर जितकी खोल तितका पंपाला चढाव अधिक, तसेच हे आहे.

तत्त्व व त्याचा इतिहास

बंद भांड्यातील द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांस सारखा पसरतो, हे तत्त्व फ्रान्समधील ब्लेझ पास्काल याने सांगितले. या विषयावरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. त्याच तत्त्वावर इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने १७९५ साली पाण्याच्या दाबाच्या यंत्राचे पेटंट घेतले. अमेरिकेत मेम्फिस येथे पीटर लुनाटी याने १९२५ च्या सुमारास तेलाच्या दाबावर चालणारी मोटारलिफ्ट तयार केली. न्हाव्याच्या वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. हॅरी फर्ग्युसनची तीन बिंदूंची हायड्रॉलिक जोडणी १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली, व आज नांगर उचलणारी जी व्यवस्था आपण रोज वापरतो ती तिचीच वंशज होय. तेव्हा लिफ्टचे शास्त्र शेतकऱ्यास अगदी परके नाही.

त्याचा व्यवहारातील नियम एवढाच : एकूण जोर म्हणजे दाब गुणिले दट्ट्याचे क्षेत्रफळ. या लेखात दाब सर्वत्र दर चौरस सेंटिमीटरला इतके किलो, या मापाने दिला आहे.

प्रथम लिफ्टची जात ओळखावी

दोन खांबांच्या सर्वच लिफ्ट तेलावर चालतात असे नाही. काहींच्या खांबात लांब आट्यांचा स्क्रू असतो व मोटर तो फिरविते. त्यांना तेलपंपाचे कामच नाही. विकत घेण्यापूर्वी खांबात वाकून हे पाहावे.

तेलाच्या लिफ्टमध्येही भेद आहेत. काहींत सिलिंडरचा दांडा कॅरेजला थेट उचलतो. दांडा जितका वर, तितकी गाडी वर. पुष्कळ लिफ्टमध्ये मात्र दांड्याच्या डोक्यावर चाक असून त्यावरून साखळी गेलेली असते. साखळीचे एक टोक खाली पक्के व दुसरे कॅरेजला बांधलेले असते. येथे दांडा एक फूट चढला की गाडी दोन फूट चढते. परंतु उंचीत मिळालेला हा लाभ जोरात फेडावा लागतो, म्हणजे दांड्यावर गाडीच्या भाराच्या दुप्पट भार येतो. हा दुपटीचा हिशेब विसरल्यामुळे पंप निम्म्या दाबाचा निवडला जातो व लिफ्ट अर्ध्या ओझ्यावर अडते. तिसऱ्या एका जातीत एका सिलिंडरमधून निघालेले तेल दुसऱ्या सिलिंडरला चालविते. तिचे दोन सिलिंडर मुद्दाम वेगवेगळ्या मापाचे असतात व तिचा हिशेब निराळा असतो. अशी लिफ्ट मूळ कारखान्याची माहिती हाती असल्याखेरीज घेऊ नये.

पुढील हिशेब साखळीच्या लिफ्टचा आहे, कारण दुपटीची चूक तेथेच होते.

सिलिंडरचे खरे माप

सिलिंडरच्या बाहेरून माप घेणे निरर्थक आहे. आतला व्यास पाहिजे. येथेही दोन प्रकार आहेत. दट्ट्याभोवती सील असेल तर तेल फक्त दट्ट्याच्या खाली राहते व नळीच्या आतल्या व्यासाचे क्षेत्रफळ धरावयाचे. दुसऱ्या प्रकारात सील वरच्या तोंडाशी दांड्याभोवती असते व तेल दट्ट्याच्या दोन्ही अंगांस खेळते. तेथे नळी कितीही रुंद असली तरी क्षेत्रफळ फक्त दांड्याचे धरावयाचे.

सिलिंडर उघडून पाहिला तर शंका उरत नाही, व जुना सिलिंडर सील बदलण्यासाठी उघडणे इष्टच असते. परंतु न उघडताही माप काढण्याची एक सोपी रीत आहे. हातपंप जोडून व नळीतील हवा काढून टाकून रिकामी लिफ्ट एका खुणेपासून बरोबर ३० सेंटिमीटर चढवावी आणि टाकीतील तेल किती घटले ते मापाच्या भांड्याने ठरवावे. समजा, दोन्ही सिलिंडर मिळून ९३५ घनसेंटिमीटर तेल गेले. एका सिलिंडरला ४६७.५ गेले, साखळीमुळे दांडा १५ सेंटिमीटरच चढला, म्हणून क्षेत्रफळ सुमारे ३१.२ चौरस सेंटिमीटर, अर्थात व्यास ६३ मिलिमीटर. सिलिंडर कोणत्याही प्रकारचा असो, या रीतीने येणारे क्षेत्रफळ खरे असते.

दाबाचा हिशेब

आता नमुन्यादाखल लिफ्ट घेऊ. तिच्या पत्र्यावर चार टन म्हणजे ४००० किलो असे कोरलेले आहे, दोन सिलिंडर ६३ मिलिमीटरचे आहेत व गाडी १८० सेंटिमीटर उंच जाते. प्रत्येक बाजूस २००० किलो भार येईल. दुपटीमुळे दांड्यावर ४००० किलो होतील. कॅरेज व हात यांचे वजन दर बाजूस १५० किलो धरले तर त्याचे दुपटीने ३०० किलो. एकूण ४३०० किलो. घर्षणासाठी शेकडा १० वाढवावे म्हणजे ४७३० किलो. यास ३१.१७ ने भागिले असता दाब सुमारे १५२ येतो. नळीतील अडथळ्यासाठी थोडे धरून कामाचा दाब १५५ समजावा.

हा दाब केवढा याची कल्पना विहिरीच्या भाषेत अशी करता येईल. दाबाचा एक किलो म्हणजे पाण्याचा सुमारे दहा मीटर चढाव. १५५ किलो म्हणजे १५५० मीटर. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. समुद्रकाठी पंप ठेवून त्याच्या शिखराजवळ पाणी चढवावे, इतका दाब या बोटभर जाडीच्या नळीत नांदत असतो. तेथे ढिलाईला जागा नाही.

आता कोणी बाहेरून ७५ मिलिमीटर माप घेतले असते तर क्षेत्रफळ ४४.२ व दाब १०७ आला असता. त्यावर विसंबून १२० दाबाला मर्यादित केलेला पंप आणला, तर ही लिफ्ट तीन टनांच्या थोडे वर जाऊन थांबली असती. लिफ्टही चांगली व पंपही चांगला, दोष फक्त मापाचा. आणि मग तो दोष झाकण्यासाठी रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू पिळण्याचा मोह होतो, ज्याविषयी पुढे सांगावयाचे आहे.

तेल, वेग व मोटर

गाडी १८० सेंटिमीटर चढण्यास दांडा ९० सेंटिमीटर चढतो. एका सिलिंडरचे तेल ३१.१७ गुणिले ९० म्हणजे सुमारे २.८ लिटर, दोहोंचे ५.६ लिटर. गाडी पाऊण ते एक मिनिटात वर जाणे सोयीचे होते. फार वेगाने चढणारी गाडी डुलते व तिचा तोल पाहावयास वेळ मिळत नाही.

आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेवर चार पोलची मोटर मिनिटास सुमारे १४४० फेरे करते. दर फेऱ्यास ५ घनसेंटिमीटर तेल देणारा पंप घेतला व शेकडा १० गळतीत वजा केले, तर मिनिटास सुमारे ६.५ लिटर मिळतात आणि लिफ्ट ५२ सेकंदांत चढते. अमेरिकेतून आलेले पंपसंच ६० हर्ट्झसाठी केलेले असतात. ते येथे एक षष्ठांश सावकाश फिरतात, हे हिशेबात धरावे व त्यांच्या मोटरचे व्होल्टही पाहावे.

मोटरसाठी लिटरांस दाबाने गुणून ६०० ने भागावे म्हणजे किलोवॅट येतात. ६.५ गुणिले १५५ भागिले ६०० म्हणजे १.६८. पंपाची कार्यक्षमता शेकडा ८० धरून २.१ किलोवॅट. म्हणून २.२ किलोवॅट म्हणजे तीन अश्वशक्तीची मोटर पुरेशी होते.

टाकीचा विचार पुष्कळदा राहून जातो. लिफ्ट पूर्ण चढल्यावर ५.६ लिटर तेल सिलिंडरमध्ये असते, तरीही पंपाचे शोषतोंड बुडालेले राहिले पाहिजे. आणि लिफ्ट उतरल्यावर तेच तेल परत येऊन टाकी ऊतू जाता कामा नये. या लिफ्टला दहा लिटरांची टाकी ठीक. सहा लिटरांची टाकी घेतली तर शेवटच्या वीतभर उंचीला पंप हवा ओढू लागतो.

एकच पंप, दोन लिफ्ट

पंप ओझ्यावरून नव्हे तर सिलिंडरवरून का निवडावा, हे स्पष्ट करण्यास धुलाईकेंद्रातील जमिनीत पुरलेली एकखांबी लिफ्ट घ्यावी. तिचा खांब हाच दट्ट्या असतो. त्याचा व्यास २७ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे ५७३ चौरस सेंटिमीटर होते. तिच्यावर तेच ४००० किलो ठेवले तर दाब अवघा ७ लागतो. म्हणूनच ती हवेच्या कॉम्प्रेसरवर चालू शकते. पण दीड मीटर चढण्यास तिला सुमारे ८६ लिटर तेल पाहिजे.

आपला ६.५ लिटरांचा पंप तिला जोडला तर गाडी वर जाण्यास तेरा मिनिटे लागतील. हा केवळ खोळंबा झाला. भय निराळेच आहे : तो पंप १७० दाबापर्यंत जाऊ देणारा असेल व दट्ट्या शेवटच्या टोकाला टेकूनही बटण दाबलेले राहिले, तर त्या रुंद दट्ट्याखाली सुमारे ९७ टन जोर उभा राहील. हलक्या दाबासाठी केलेले ते नळकांडे व त्याचे जोड हा जोर सोसणार नाहीत. उलट कॉम्प्रेसरची हवा ६३ मिलिमीटरच्या सिलिंडरला दिली तर रिकामी लिफ्टसुद्धा नीट हलणार नाही. ओझे दोन्हीकडे एकच, पण पंप एकमेकांस निरुपयोगी.

रिलीफ व्हॉल्व्ह पिळू नये

आपल्या नमुन्याच्या लिफ्टला कामाचा दाब १५५ आला. रिलीफ व्हॉल्व्ह १७० वर ठेवावा. त्या दाबाला ती उलट हिशेबाने सुमारे साडेचार टनांवर अडेल, म्हणजे पत्र्यावरील मर्यादेपेक्षा थोड्याच वर. हेच योग्य आहे. समजा, गाडी उचलत नाही म्हणून कोणी स्क्रू पिळून दाब २५० केला. पंप व सिलिंडर कदाचित टिकतील. पण आता ही लिफ्ट पावणेसात टनांना हात घालील. खांब, हात, साखळ्या व जमिनीतील बोल्ट चार टनांचेच राहिले आहेत. पंप बळकट झाल्याने लिफ्ट बळकट होत नाही. फक्त तिने नाही म्हणावयाचे बंद केलेले असते. रिलीफ व्हॉल्व्ह हाच तिचा नकार होय, आणि गाडीखाली उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्या नकारावर अवलंबून असतो.

लिफ्टचा पत्रा निघून गेला असेल व कारखान्याचे नाव कळत नसेल, तर सिलिंडरच्या मापावरून तिची शक्ती ठरवू नये. सिलिंडर काय उचलू शकतो ते त्यावरून कळते. खांब काय पेलू शकतो ते कळत नाही. अशी लिफ्ट स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी.

हाताशी ट्रॅक्टर असल्याने त्याच्याच हायड्रॉलिकवर लिफ्ट चालवावी, असे काहींच्या मनात येते. मिनिटास वीस लिटर तेल देणाऱ्या ट्रॅक्टरवर ही लिफ्ट १७ सेकंदांत झेप घेईल, उतरताना तिला आवर घालणारी व्यवस्था असेलच असे नाही, आणि पेटीतील मळकट तेल सिलिंडरच्या सीलांत जाईल. हा मार्ग सोडून द्यावा. तद्वतच मोटारीच्या लिफ्टवर ट्रॅक्टर चढवू नये. त्याचे बहुतेक वजन मागच्या आसावर असते व हात टेकावयास मोटारीसारख्या जागा त्याला नसतात.

व्हॉल्व्ह, नळ्या व आटे

पंपसंचात रिलीफ व्हॉल्व्हखेरीज आणखी तीन गोष्टी असाव्यात. पहिली, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे मोटर थांबल्यावर तेल मागे येणार नाही; विहिरीवरील फूट व्हॉल्व्ह पाणी धरून ठेवतो तसेच याचे काम. दुसरी, हाताने दाबून उघडण्याचा उतरणीचा व्हॉल्व्ह. तिसरी, उतरण्याचा वेग ओझ्यानुसार वाढू न देणारा प्रवाह-नियंत्रक. याशिवाय प्रत्येक सिलिंडरच्या बुडाशी नळी फुटताच वाट बंद करणारा व्हॉल्व्ह असणे अत्यंत इष्ट. तो पंपापाशी बसविला तर निरुपयोगी ठरतो, कारण फुटणारी नळी त्याच्या पुढे असते.

रबरी नळी दोन तारजाळींची घ्यावी. ३/८ इंची एकजाळी नळी साधारणतः १८० दाबाची असते, म्हणजे आपल्या १७० च्या अगदी काठावर. दोनजाळी नळी ३३० पर्यंत चालते. जोडांचे आटे जुळतात की नाही हे गेजने तपासावे. आपल्याकडील बीएसपी व अमेरिकी एनपीटी हे पाव इंची आटे दिसावयास सारखे असतात. परंतु पहिल्यात इंचास १९ व दुसऱ्यात १८ आटे असतात आणि त्यांचे कोनही निराळे असतात. दोन-तीन फेरे बसतात म्हणून टेप गुंडाळून आवळले, तर तो जोड दाबाखाली केव्हा निसटेल याचा नेम नाही.

गळती शोधताना नळीवरून हात फिरवू नये; पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. या दाबाने सुटलेली तेलाची बारीक धार कातडीखाली शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तत्काळ मोठ्या दवाखान्यात न्यावे.

पंप जे करू शकत नाही

दोन सिलिंडर एकाच पंपावर असले की तेल हलक्या बाजूस आधी धावते. दोन्ही कॅरेज बरोबर ठेवण्याचे काम वायर रोप करतात. रोप नसतील, त्यांच्या तारा तुटलेल्या असतील, साखळी मूळ लांबीच्या शेकडा दोन-तीन ताणलेली असेल किंवा खांबातील खिट्ट्या झिजलेल्या असतील, तर आधी त्यावर पैसा खर्च करावा व मग पंपावर.

काळ्या जमिनीत शेड असेल तर पायाकडे विशेष पाहावे. ती माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसती फरशी टाकून खांब उभे केले तर वर्षभरात ते ओळंबा सोडतील. मुरुमापर्यंत खोदून सळयांचे काँक्रीट घालावे, त्याची जाडी व मजबुती लिफ्टच्या माहितीपत्रकाप्रमाणे ठेवावी व पुरते मुरल्यावरच बोल्ट आवळावे.

विजेची अडचण

शेतीपंपाचा तीन फेजचा पुरवठा ठराविक तासांचा असतो व त्या जोडणीवर दुसरे यंत्र चालविण्यापूर्वी वीज कार्यालयात विचारणे आवश्यक आहे. घरच्या एका फेजवर २.२ किलोवॅटची मोटर सुमारे १५ अँपिअर घेते व सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. खेड्यातील लांब तारेवर व्होल्ट पडतात, आणि व्होल्ट शेकडा १० उतरले की मोटरचा पीळ शेकडा १९ उतरतो. मग भरल्या ओझ्यावर मोटर गुणगुणत उभी राहते व जळते. अशा ठिकाणी मोठी मोटर न घेता लहान पंप घ्यावा. दर फेऱ्यास ३.५ घनसेंटिमीटरचा पंप तितकाच दाब देतो व तितकेच ओझे उचलतो. लिफ्ट ५२ ऐवजी ७४ सेकंदांत चढते इतकेच, आणि १.५ किलोवॅटची मोटर पुरते. घाई सोडली की वीज वाचते, असा हा सौदा आहे.

तीन फेजची मोटर असेल तर दोन तारा अदलाबदल झाल्यास ती उलटी फिरते. विहिरीचा पंप उलटा फिरला तर पाणी कमी येते. गिअर पंप उलटा फिरला तर तेल येतच नाही व दांड्याचे सील फुटते. म्हणून प्रथम क्षणभरच बटण दाबून दिशा पाहावी.

गाडी खिट्टीवर टेकलेली असताना वीज गेली तर ती उतरविता येत नाही, कारण खिट्टी सोडविण्यास आधी गाडी दोन-तीन इंच उचलावी लागते. पावसाळ्यात हा प्रसंग नेहमीचा. यासाठी संचात एक हातपंप जोडून ठेवावा. खर्च थोडा व सोय मोठी.

तेल व चाचणी

हायड्रॉलिक तेल ४६ क्रमांकाचे घ्यावे. आपल्या हवेस ते मानवते. इंजिनचे जळके तेल घालू नये. ब्रेकचे तेल तर मुळीच नको. त्याने या सिलिंडरची रबरी सीले फुगून निकामी होतात. टाकीच्या श्वासनळीला झाकण असावे, अन्यथा चातुर्मासात ओल आत जाते.

चाचणी पायरीने करावी. प्रथम रिकामी लिफ्ट पाच-सहा वेळा वरखाली करून हवा काढावी व दोन्ही कॅरेज एकदम चढतात की नाही ते पाहावे. नंतर ज्ञात वजनाची गाडी ठेवून दाबमापक वाचावा. नमुन्याच्या लिफ्टवर १८०० किलोची गाडी ठेवली तर हिशेबाने दाब ७४ च्या आसपास यावा. तो ११० दिसला तर माप चुकले आहे किंवा कोठेतरी अडकण आहे. कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. मग गाडी हातभर उंच धरून पंधरा मिनिटे थांबावे. ती खचली तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अथवा सील गळते आहे. या सर्व वेळी गाडीखाली कोणीही नसावे.

आणि पुढे रोजच्या वापरात एक नियम कायम पाळावा : गाडी इच्छित उंचीवर गेली की ती खिट्ट्यांवर उतरवून टेकवावी, दोन्ही खिट्ट्या बसल्याचे डोळ्यांनी पाहावे व मगच खाली जावे. तेलाचे काम गाडी वर नेण्याचे. तेथे धरून ठेवण्याचे काम पोलादाचे. खरेदीस निघताना खिशात टेप, व्हर्नियर व कागद-पेन्सिल न्यावी, चार आकडे लिहून आणावेत : सिलिंडरचे क्षेत्रफळ, दांड्याची चाल, साखळीची दुपट व पत्र्यावरील टन. हे चार आकडे ज्याच्या हाती आहेत त्याला दुकानदार भलताच पंप देऊ शकणार नाही. ज्याच्या हाती ते नाहीत त्याने लिफ्ट कितीही स्वस्त मिळत असली तरी पैशाची गाठ सोडू नये.